टाळ्या पदकाला, पाठ मैदानाला

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारतीय हॉकी संघाने जर्मनीला ५-४ असे नमविले आणि एकेचाळीस वर्षांच्या खंडानंतर ऑलिंपिकचे पदक देशात आले. तीन वर्षांनी, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे हरवून संघाने त्याची पुनरावृत्ती केली. दोन्ही वेळा मराठी मध्यमवर्गाने दिवाणखान्यात बसून टाळ्या वाजविल्या, मेजर ध्यानचंदांचे स्मरण केले आणि 'आपला राष्ट्रीय खेळ' म्हणून ऊर भरून घेतला. (हॉकीला राष्ट्रीय खेळाचा दर्जा देणारा कोणताही सरकारी निर्णय नाही, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच माहिती अधिकारातील अर्जाला उत्तर देताना सांगून टाकले आहे. पण भावनेला अध्यादेश लागत नाही, हेही खरे.) पॅरिसला गेलेल्या त्या सोळा जणांच्या संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. ही गोष्ट कोणाला खटकली? पेढे वाटणाऱ्या एकाही घराने स्वतःला विचारले काय, की या खेळासाठी आपल्या उंबरठ्यातून कोण बाहेर पडले?

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या परिसरात चौक नावाचे गाव आहे. कर्जतला जाणारी वाट येथेच फुटते. चौकच्या एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला बोरघाट ओलांडला की पुणे. महाराष्ट्रातील हॉकी म्हटली की जी नावे प्रथम जिभेवर येतात ती या दोन शहरांतलीच – चर्चगेटचे मैदान, पिंपरीच्या नेहरूनगरचे ध्यानचंद स्टेडियम, बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडापीठ. दोन्ही दिशांना अंतर साठ किलोमीटरांहून अधिक. आता या गावातील एखाद्या शिक्षकाच्या, दुकानदाराच्या किंवा रसायनीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराच्या घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, मला हॉकी खेळायची आहे," तर त्या बापाने कोणती गाडी पकडावी? घरात या आधी कोणी खेळाडू झालेला नाही, खेळातले काही कळत नाही, मुलीचा हट्ट मात्र खरा आहे. अशा पहिलटकर आईबापांशी समाज कसा वागतो, यावर त्या खेळाचे भवितव्य ठरते. आणि समाज त्यांच्याशी अत्यंत वाईट वागतो.

हॉकीपटू कोठे निपजतात याचा शोध घेतला तर उत्तर फार साधे निघते: मैदानाच्या शेजारी. १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक आणि १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक खेळलेले धनराज पिल्ले खडकीत वाढले. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखणारे. वसाहतीच्या चिखलमातीत, मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन या मुलाने खेळाचा श्रीगणेशा केला. युवराज आणि देवेंदर वाल्मीकी हे बंधू मुंबईत मरीन लाइन्सच्या एका खोलीत वाढले. त्या खोलीत वीज नव्हती, पण चर्चगेटचे मैदान पायी जाण्याच्या अंतरावर होते. देवेंदर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात आणि लगतच्या झारखंडातील सिमडेग्यात आदिवासी गावे एकमेकांविरुद्ध हॉकीचे सामने खेळतात आणि जिंकणाऱ्या गावाला बक्षीस मिळते ते बकऱ्याचे! त्याच सुंदरगढने देशाला दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास दिले. आणि इतके लांब तरी कशाला जावे? सातारा जिल्ह्यातील फलटणच्या ग्रामीण भागातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे अशा मुली भारतीय संघांपर्यंत गेल्या. वैष्णवी तर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होती. फलटण म्हणजे मुंबई नव्हे, पुणेही नव्हे. दुष्काळी तालुका म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तेथे जे घडते ते खालापुरात घडू शकत नाही, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

जवळ मैदान नसले की सगळा भार आईबापांवर येतो, आणि या आईबापांना कोणी काही शिकवीत नाही. पहिली फसगत स्टिकपासूनच सुरू होते. शाळेचा गणवेश जसा 'वाढत्या अंगाचा' घ्यायचा, दोन वर्षे पुरवायचा, तशी स्टिकही एक-दोन मापे मोठी घेतली जाते. मध्यमवर्गीय काटकसरीचा हा संस्कार कापडाला लागू पडतो, स्टिकला नाही. लांब आणि जड स्टिक हाती आली की मूल कमरेत वाकण्याऐवजी हात आखडते, मनगट अडकते आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही. मूल डावखुरे असेल तर आई दुकानदाराकडे डाव्या हाताची स्टिक मागते, आणि हॉकीत तशी स्टिक नसतेच. एकच बाजू सपाट, खेळायचे त्याच बाजूने. डावा हात वर, उजवा खाली, सर्वांना एकच नियम. चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतकाच वजनदार आणि टणक, म्हणून नडगीवरचे पॅड आणि दातांचे गार्ड ही चैन नाही. पहिल्या सामन्यात पंच शिटी का वाजवितो तेही कळत नाही. चेंडू पायाला लागला, स्टिकच्या गोल बाजूने खेळला, एवढे जरी कोणी कडेला उभ्या असलेल्या बापाला सांगितले तरी तो पंचांच्या नावाने ओरडणार नाही.

ओरडणे हा तर स्वतंत्र रोग आहे. ज्यांनी आयुष्यात कधी मैदानात घाम गाळला नाही, ते सीमारेषेवर उभे राहून अकरा वर्षांच्या पोराला 'मार, मार' म्हणतात. घरी परतताना एस.टी.त किंवा दुचाकीवर त्याची हजेरी घेतली जाते. मूल सामन्यात हरत नाही, ते या परतीच्या प्रवासात हरते. त्याहून वाईट म्हणजे वयाची चोरी. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी करून पंधरा वर्षांच्या मुलास तेराच्या गटात उतरविणारे बाप या देशातील प्रत्येक खेळात आहेत. हे पातक आहे, 'थोडे पुढेमागे' नव्हे. ज्या घरात मुलाला पहिला धडा खोट्या कागदाचा मिळतो, त्या घराने त्याला पुढे राष्ट्रभक्ती शिकवू नये.

त्याच कागदी वृत्तीचे दुसरे रूप गुणांच्या हिशेबात दिसते. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुणांची सवलत आहे, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही तरतुदी योग्यच. परंतु महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा ज्यांनी कधी मैदान पाहिले नाही ते खेळाडू ठरले होते आणि खरे खेळाडू रांगेत उभे होते. त्यावर मोर्चा निघाला काय? नाही. कारण समाजाला प्रमाणपत्र हवे असते, खेळ नको असतो.

आणि मग येते नववी. पहाटे पाचला उठून धावणारी, नेहरू चषकाच्या शालेय स्पर्धेत जिल्ह्यासाठी खेळणारी मुलगी नववीत गेली की नातेवाईक, शेजारी आणि शिकवणीवाले एकसुरात म्हणतात – आता पुरे. काका म्हणतात, खेळून पोट भरते का? आजी म्हणते, ऊन लागून काळी पडली पोर. जणू दहावी ही परीक्षा नसून संन्यासदीक्षा आहे! तेरा ते सोळा ही तीन वर्षे खेळाडू घडण्याची असतात, नेमकी तीच कापून टाकली जातात. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिक्षण आणि खेळ एकत्र चालतात, पुण्यात हॉकीसाठीही तशी सोय आहे, हे किती घरांना ठाऊक असते? हरियाणातील शाहबादच्या राणी रामपालचे वडील गाडी ओढून घर चालवीत. प्रशिक्षणाच्या ठिकाणी प्रत्येक मुलीने रोज अर्धा लिटर दूध आणावे असा दंडक होता. घरी तेवढे दूध परवडत नसे, म्हणून ती त्यात पाणी मिसळून वेळ साजरी करी. तीच मुलगी टोकियोत भारताची कर्णधार झाली. तिच्या वडिलांपाशी ना पदवी होती, ना फ्लॅट. कारणे सांगण्याची सवय मात्र नव्हती.

अर्थात सगळा दोष घरांच्या माथी मारणे हा अन्याय ठरेल. कर्जत-खालापूर पट्ट्यातील जमिनीचे गेल्या काही दशकांत काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. शेते मोडून बिनशेती भूखंड पडले, डोंगरउतारांवर शहरवासीयांची फार्महाऊसे उठली, जलतरण तलाव आले. मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. शहराला हवा, पाणी, सुट्टी, सारे काही या भूमीने पुरविले. बदल्यात तिच्या मुलांना सपाट, कुंपण घातलेले, कोणी गाड्या उभ्या न करणारे एक मैदान देता येऊ नये? राजकारण्यांना खेळाचे प्रेम नाही असे नव्हे. आमदार चषक, सरपंच चषक, रात्रीच्या प्रकाशझोतातील टेनिस चेंडूचे क्रिकेट, सायकली आणि दुचाकींची बक्षिसे यांचा रायगडात सुकाळ आहे. शहरांच्या वेशीवर तासाच्या भाड्याने मिळणारी जाळीबंद 'टर्फ' उभी राहिली, त्यांवरही पुन्हा क्रिकेटच. हे खेळाचे प्रेम नव्हे, मतांची मशागत आहे. कबड्डीने रायगडची लाज राखली ती गावच्या मातीमुळे, मंडपामुळे नाही.

येथे शहाणे लोक एक हरकत घेतील. आधुनिक हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाते, गावच्या मुरमावर शिकून उपयोग काय? १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हिरवळ आली, भारत सातव्या स्थानी घसरला, हा इतिहास सर्वांना पाठ आहे. तो खराच आहे. पण त्याच इतिहासाच्या आडून गेली पन्नास वर्षे आळस लपविला जात आहे. हिरवळ हवी, जिल्ह्याला किमान एक हवीच. ओडिशाने सुंदरगढच्या सतराही गटांत ती घालण्याचे ठरविले, मग संपन्न महाराष्ट्राने हात का आखडावा? तथापि दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी हिरवळ लागत नाही. त्याला लागते ती दगड वेचलेली जमीन, बरोबरीची आठ-दहा मुले आणि रोज त्याच वेळी हजर असणारा एक मोठा माणूस. हिरवळीचा अंदाज पंधराव्या वर्षी येऊ शकतो, मनगट मात्र दहाव्यातच वळावे लागते. पाच-पाच जणांच्या हॉकीला तर लहान मैदान पुरते. युवा ऑलिंपिकमध्ये २०१४ पासून हाच प्रकार खेळविला गेला आणि २०१८ मध्ये ब्युनोस आयर्सला भारताच्या मुलांनी व मुलींनी त्यात रौप्यपदके मिळविली.

कार्यकर्त्यांनाही येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. क्रीडा भारती खेळाडूंच्या मातांचा जिजामातांच्या नावाने सन्मान करते, ही दृष्टी थोर आहे. पण ज्या मातेचा सन्मान पदकानंतर होतो, ती मुलगी अकरा वर्षांची असताना पहाटे एकटीच तिच्या मागे चालत होती. तेव्हा बरोबर कोण होते? गावोगावी रोज संध्याकाळी तासभर मुलांना खेळविण्याची सवय ज्या संघटनेच्या हाडीमासी खिळली आहे, तिला वक्तशीर माणूस शोधावा लागू नये. कबड्डी-खोखोच्या जोडीला दहा स्टिक आणि चार चेंडू आणणे अवघड नाही. पोलीस, रेल्वे आणि लष्करातून निवृत्त झालेले हॉकीपटू मुंबई-पुण्यात आहेत. महिन्यातून दोन रविवार त्यांना चौकला आणण्यासाठी लागते ती गाडी, जेवण आणि मान. आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतील मुले डोंगर चढून शाळेला येतात. पळण्याचा दम त्यांना कोणी शिकवायचा नाही, फक्त त्यांना मोजणीत धरायचे आहे.

बाकी राहते जमीन. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण कोठून कोठवर आहे, गावठाण आणि गायरान किती उरले आहे, त्यावर अतिक्रमण कोणाचे, हे सात-बाऱ्यावर आणि नकाशावर लिहिलेले असते. ते मागायला पहिलटकर आईबाप एकटे गेले की तलाठी 'उद्या या' म्हणतो. चाळीस पालक मिळून गेले की तो खुर्ची देतो. १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा भरते, आणि २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या जयंतीचा राष्ट्रीय क्रीडा दिन येतो. मध्ये बरोबर चौदा दिवस आहेत. पटांगणाची मोजणी करून चार कोपऱ्यांत चार खुंट ठोकायला तेवढे पुरतात.