रंगवणाऱ्या हातांची तब्येत

आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. झोके बांधले जातात, खापरावरच्या पोळ्या आणि आमरस होतो, आणि निघताना लेकीच्या हाती काहीतरी दिले जाते. अलीकडे जळगाव-धुळ्याच्या काही घरांतून या देण्यात साडीबरोबर एक छोटे चित्रही असते. आईने किंवा वडिलांनी स्वतः रंगवलेले. धुळ्याच्या देवपुरातले निवृत्त शिक्षक असोत की जळगावच्या फ्लॅटमधली पन्नाशीची गृहिणी, अॅक्रिलिक रंगांनी या मंडळींची मोठी सोय केली आहे. तैलरंगासारखा टर्पेंटाइनचा वास नाही, आठवडाभर वाळत घालणे नाही. पाण्यात कालवा, रंगवा, तासाभरात वाळते. चुकले तर त्यावरच पुन्हा रंगवता येते.

शेजारपाजारी मात्र याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात. ओपीडीत पन्नाशीनंतरच्या माणसाला डॉक्टर साखर विचारतात, रक्तदाब मोजतात, तंबाखू-विडीची चौकशी करतात. दिवसभर काय करता, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. खरे तर तो विचारायला हवा. मुले पुण्या-मुंबईला गेलेली, नोकरी संपलेली किंवा घरकाम निम्म्यावर आलेले. अशा वेळी झोप बिघडते, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही. तपासण्या सगळ्या ठीक येतात आणि गोळ्या वाढत जातात.

चित्र काढल्याने यातले किती बरे होते? याबाबत अतिशयोक्तीच जास्त ऐकू येते, म्हणून जे माहीत आहे तेवढेच पाहू. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद देऊन बसवले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हा ताणाशी निगडित संप्रेरक मोजला. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत तो कमी झाला होता. ज्यांनी पूर्वी कधी चित्र काढले नव्हते आणि ज्यांचा हात बसलेला होता, त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या २०१५ च्या पाहणीत ८५ वर्षांवरील २५६ जणांपैकी चित्रकला, शिल्प यांसारखे छंद जपणाऱ्यांमध्ये विस्मरणाची सुरुवातीची लक्षणे कमी दिसली. पण मेंदू तल्लख असणारी माणसेच छंद जपत असतील, ही शक्यता अशा पाहणीत पूर्णपणे बाजूला काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरील ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. कलेची मदत होते, असाच त्याचा एकूण कल होता. तेव्हा चित्र काढा, मात्र रक्तदाबाची गोळी बंद करू नका.

चित्र आणि एकटेपणा यांचे नाते सरळ नसते, याचे उदाहरण शोधायला खान्देशाला बाहेर जावे लागत नाही. चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळ राहणारे केकी मूस (१९१२-१९८९) हे जगभर नावाजलेले छायाचित्रकार. ते चित्रेही रंगवत, इतरही अनेक कलांत त्यांचा हात चाले, आणि कित्येक दशके ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. त्या एकांताला आज मागे वळून एखाद्या आजाराचे नाव चिकटवणे योग्य नाही. तो त्यांचा निर्णय होता आणि त्यातून मोठे काम उभे राहिले. पण सामान्य माणसाला चार भिंतींत एकट्याने रंगवत राहणे सोसतेच असे नाही. ज्याला पूर्वी माणसांत करमायचे तो रंगांचे निमित्त करून लग्नकार्य, पारावरच्या गप्पा टाळू लागला, जेवण कमी झाले, पहाटे तीनला जाग येऊ लागली, तर घरच्यांनी ‘छंदात रमला आहे’ म्हणून गप्प बसू नये. नैराश्य पुष्कळदा असेच शांतपणे येते.

इथेच भेटीचे महत्त्व आहे. कोणासाठी तरी रंगवलेले चित्र माणसाला घराबाहेर, निदान फोनपर्यंत तरी नेते. नातीला पोपट आवडतो की मोर, जावयाच्या दिवाणखान्याची भिंत कोणत्या रंगाची, हे विचारावे लागते. दुसऱ्यासाठी खर्च करण्याने मिळणाऱ्या आनंदावर २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन स्वतःसाठी अथवा दुसऱ्यासाठी खर्चायला सांगितले. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक खूश होते, आणि रक्कम ५ होती की २० याने फरक पडला नाही. मात्र घेणाऱ्यानेही थोडी जबाबदारी घ्यावी. ‘छान आहे’ म्हणून कपाटामागे ठेवलेले चित्र पुढच्या भेटीत दिसते, आणि ते लागते.

या छंदात महाग काय आहे? रंग नव्हेत, वेळ. पुरुष निवृत्त झाला की दुपारी खिडकीशी टेबल मांडून बसतो. बाई मात्र भांडी आवरून रात्री अकराला पलंगावर मांडी घालते, मांडीवर कॅनव्हास, डोक्यावर एकच दिवा. मग मान आखडते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, डोळे चुरचुरतात, आणि घरातून ऐकू येते, ‘कोणी सांगितले होते?’ तिला औषध लिहून देण्याआधी नवऱ्याला आणि सुनेला एवढेच सांगायला हवे की दिवसाउजेडी दोन तास आणि एक टेबल तिचे असू द्या. कॅनव्हास उभा, डोळ्यांच्या समोर ठेवला आणि दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायले की मानेचे निम्मे दुखणे येतच नाही.

पाण्याचा मुद्दा खान्देशात वरवरचा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे इतके झपाट्याने होते की रंग थाळीतच घट्ट होतो. मग हौशी चित्रकार पंखा बंद करतो, कूलर बंद करतो आणि पत्र्याच्या खोलीत घाम गाळत बसतो. लघवी कमी करणाऱ्या किंवा वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या साठीच्या माणसाने हे करणे धोक्याचे आहे. चक्कर, मळमळ, डोके दुखणे ही उष्माघाताची सुरुवात असू शकते. उपाय साधा आहे. सकाळी आठच्या आत रंगवावे आणि थाळीत ओल्या फडक्यावर जाड कागद ठेवून त्यावर रंग घ्यावा, म्हणजे पंख्याखालीही तो तासन् तास ओला राहतो. वाळलेला पापुद्राही उन्हात मऊ, चिकट होतो. त्यामुळे दोन चित्रे समोरासमोर ठेवू नयेत, आणि पाठवताना कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावावेत, म्हणजे आवरण रंगाला टेकत नाही.

पाण्यातला रंग म्हणून तो अगदी निरुपद्रवी समजू नये. टोक काढायला कुंचला ओठांत धरणे ही जुनी खोड. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली असेच करत, आणि त्यांच्यापैकी अनेकींची जबड्याची हाडे सडली. आजच्या रंगात रेडियम नाही, पण काही अस्सल पिवळ्या-लाल छटांत कॅडमियम असते. ओल्या रंगातून ते सहजासहजी शरीरात जात नाही. वाळलेले चित्र घासून धूळ उडवली किंवा रंग फवारला, तर ते श्वासातून जाते. त्यावर मारायचे वॉर्निशचे स्प्रे तर बंद खोलीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ कधीच वापरू नयेत. दम्याच्या रुग्णांनी ते टाळलेलेच बरे. आणि कुंचले धुण्याचा पेला चहाच्या कपासारखा नसावा. हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, चूक कोणाकडूनही होते.

बोटांच्या बेचक्यात खाज, लाली, भेगा आल्या तर रंगाचा विचार मनात यावा. रंग नासू नये म्हणून त्यात घातलेल्या रसायनांची काहींना अॅलर्जी असते. प्रत्यक्षात काय होते? गजकर्ण समजून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणले जाते. चार दिवस बरे वाटते, रंगकाम सुरूच राहते, खाज परत येते, आणि महिनोन् महिने मलम लावून कातडी पातळ होते. त्याऐवजी दोन आठवडे रंगाला हात लावू नये. खाज थांबली आणि रंगाबरोबर परतली, तर त्वचारोगतज्ज्ञाला ते नेमके सांगावे.

डोळ्यांचे मात्र वेगळे. तिथे चित्रच कधी कधी आजार सांगते. फ्रान्सच्या क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या चित्रांतले निळे-हिरवे मावळत गेले आणि लाल-तपकिरी दाटले. नळ्यांवरची नावे वाचून आणि थाळीतला क्रम ठरवून ते रंग घेत. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पिकलेले भिंग निळा प्रकाश अडवते म्हणून असे होते, आणि हळूहळू होत असल्याने माणसाला स्वतःला कळत नाही. लेकीला कळते. ‘बाबा, या वेळचे आभाळ इतके पिवळे का?’ असे तिने विचारले, तर ती चित्राची खोड काढते आहे असे समजू नये. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. त्यानंतर काही दिवस निळा रंग भलताच झगझगीत दिसतो, जुनी चित्रे मळकट वाटतात आणि ती लगेच दुरुस्त करायला हात शिवशिवतात. डोळा सरावेपर्यंत आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत ती भिंतीला टेकून तशीच राहू द्यावीत.