दूरचे यंत्र आणि जवळचा माणूस

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्यात पूर्वी हिशेबाला एक संगणक, मालाच्या नोंदीला दुसरा, आराखडे ठेवायला तिसरा आणि हजेरीला चौथा अशी रांग असे. आज त्या रांगेच्या जागी बहुधा एकच दणकट सर्व्हर असतो आणि ते चारही संगणक त्याच्या पोटात नांदत असतात. तो सांभाळणारा माणूस मात्र पुष्कळदा चाकणला नसतोच. पुण्यात किंवा बंगळूरला आपल्या टेबलाशी बसून तो सारा कारभार पाहतो. ‘अंतर आता उरले नाही’ असे म्हणण्याची त्यामुळे पद्धतच पडली आहे. विद्यार्थी मित्रांनो, हे विधान अर्धेच खरे आहे असे माझे मत आहे. उरलेला अर्धा भाग शाळा-महाविद्यालयांत कोणी शिकवत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एका यंत्राच्या पोटात चार संगणक कसे राहतात? जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाचा उंबरठा वेगळा, पण पाण्याची टाकी सामाईक. येथे वाडा म्हणजे होस्ट, बिऱ्हाडे म्हणजे आभासी संगणक, आणि प्रोसेसरचा वेळ, स्मृती व डिस्क यांची वाटणी करणारा कारभारी म्हणजे हायपरव्हायजर नावाची आज्ञावली. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने मोठ्या संगणकांवर ती 1960 च्या दशकातच राबविली आणि 1972 मध्ये व्हीएम/370 या नावाने बाजारात आणली. आज तिचाच विस्तार झालेला आहे. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात आपले ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र सुरू केले. तेथे भाड्याने मिळणारे संगणक असेच आभासी असतात. ‘क्लाउड’ हा शब्द ऐकून आकाशाकडे पाहू नका. ते जमिनीवरच्या इमारतीत, विजेवर आणि थंड हवेवर चालणारे यंत्र असते.

आता अंतराचा हिशेब करू. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पुणे-चाकण अंतर 30 किलोमीटर धरले, तर आज्ञा जाऊन उत्तर येण्यास एक सेकंदाचे 3 दशसहस्रांश पुरतात. वाटेतील उपकरणे थोडा वेळ घेतात, तरी तुमच्या बोटाला ते जाणवणार नाही. पण तीच आज्ञा चुकून होस्टच्या नेटवर्कची जोडणीच तोडणारी असेल तर? मग दुरुस्तीची आज्ञाही पोहोचत नाही आणि माणसालाच जावे लागते. नाशिक रस्त्यावर सायंकाळी पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या चौकात जे अडकले आहेत, त्यांना या अंतराबद्दल वेगळे सांगायला नको! एका आभासी संगणकात बिघाड झाला तर एक बिऱ्हाड अडते. होस्टच्या जोडणीत झाला तर हजेरी, हिशेब, माल, आराखडे सारेच एका क्षणी थांबते.

हे फक्त लहान कारखान्यात घडते असे समजू नका. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीतील एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले होते. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे ती निकामी झाली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर पाठवावे लागले आणि तेथील कडक सुरक्षेतून यंत्रांपर्यंत पोहोचण्यातही वेळ गेला. कुलपाची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्याचा हा प्रकार. मंगळावरील व्हायकिंग-1 यानाची गत तर याहून वाईट झाली. नोव्हेंबर 1982 मध्ये बॅटरीच्या भारणात सुधारणा करण्यासाठी पाठविलेल्या आज्ञांनी अँटेनाचे तोंड वळविण्याची माहितीच पुसली गेली. यान मुके झाले. तेथे कोणाला धाडणार?

यावर उपाय आहेत, आणि मला ते फार सुंदर वाटतात. चांगल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणकच बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी वीजपुरवठा असेपर्यंत तो जागा असतो. त्याला नेटवर्कचे वेगळे तोंड देता येते आणि त्यामार्फत दुरूनच मुख्य यंत्र बंद-चालू करता येते, पडद्यावर काय दिसते तेही पाहता येते. मात्र हे तोंड खुल्या इंटरनेटला जोडणे आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा टाकणे होय. दुसरा उपाय घड्याळाचा. बदल करण्यापूर्वी यंत्राला सांगून ठेवायचे: ‘दहा मिनिटांत माझी खूण आली नाही, तर जुनी मांडणी परत लाव.’ तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडून घेतले, तर खूण पोहोचत नाही आणि यंत्र आपोआप पूर्वपदावर येते.

तरीही जागेवरचा जाणता माणूस लागतोच. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीला वीज दुरुस्तीसाठी बंद झाली आणि बॅटरी संपत आली, तर आभासी संगणक क्रमाने बंद करावे लागतात; वीज आल्यावर आधी साठवण, मग माहितीकोश, मग त्यावरील कामे असा क्रम पाळावा लागतो. हे दुरून करता येते. पण सैल झालेली केबल दुरून घट्ट बसत नाही, पंख्यात अडकलेली धूळ दुरून निघत नाही. रात्रपाळीच्या ज्या कामगाराला कोणता दिवा कशाचा हे कळते, त्याची किंमत आपण कमी लेखतो. आणि होस्टचा पासवर्ड फक्त बाहेरच्या कंत्राटदाराकडे असेल, तर त्या कारखान्याचा मालक स्वतःच्याच वाड्यात भाडेकरू झाला असे मी म्हणेन. तो पासवर्ड मोहरबंद पाकिटात त्याच्या तिजोरीत असावयास हवा.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. प्रयोगशाळेतील संगणकांना आपण इतके जपतो की मुले त्यांना हात लावण्यास भितात. एक जुना संगणक बिघडविण्यासाठीच राखून ठेवा. त्याच्या प्रोसेसरला आभासीकरणाची सोय आहे ना एवढे पाहा. लिनक्स आणि त्यातील केव्हीएम विनामूल्य मिळतात. त्यावर दोन आभासी संगणक उभारा आणि शेजारच्या खोलीतून तो चालवा. प्रथम परतीचे घड्याळ लावून होस्टचा नेटवर्क-पत्ता मुद्दाम चुकीचा द्या आणि पाच मिनिटे वाट पाहा. मग घड्याळाशिवाय तेच करा. दुसरा प्रयोग सुरू करण्यापूर्वी त्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे आहे की मुख्याध्यापकांकडे, तेवढे विचारून ठेवा.