हवे तेवढेच मागा

लासलगावला कांद्याचा लिलाव झाला की शेतकरी मोबाइलवर तीन आकडे शोधतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. ज्या टेबलातून हे आकडे येतात, त्यात विक्रेत्याचे नाव, फोन नंबर आणि बँक खातेही असेल, तर दर दाखवण्यासाठी ते सगळे ओढून आणायचे कशाला? नाशिकमध्ये वेबसाइट बांधणाऱ्या तरुणांनी क्वेरी लिहिताना हा प्रश्न रोज विचारायला हवा.

अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले आणि 2005 मध्ये सर्वांना खुले झालेले जँगो हे वेब फ्रेमवर्क भरभर काम उरकण्यासाठीच बनले. त्यात ‘ऑल’ लिहिले की ओळीतले सगळे रकाने हजर होतात. ही सोय हळूहळू सवय होते.

दरयादीसारख्या पानाला ‘व्हॅल्यूज’ पुरते: रकान्यांची नावे द्यायची, तेवढेच रकाने असलेल्या डिक्शनरी मिळतात. मॉडेलचा ऑब्जेक्टच हवा असेल तर ‘ओन्ली’ आहे. पण तिथे जपून. वगळलेल्या रकान्याला टेम्प्लेटमध्ये हात लागला, की जँगो गुपचूप डेटाबेसकडे पुन्हा जाते, तेही प्रत्येक ओळीसाठी. पाचशे ओळींची यादी असेल तर पाचशे जादा क्वेरी. वेळ वाचवायला गेलो आणि साइटच रखडली, असे होते.

वेगापेक्षा मोठी गोष्ट माहितीच्या सुरक्षेची. एपीआयच्या सीरियलायझरमध्ये आळसाने ‘सगळे फील्ड’ लिहिले, तर पडद्यावर तीन आकडे दिसतात, पण ब्राउझरपर्यंत फोन नंबरही पोचतो. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो. पडद्यावर न दाखवणे म्हणजे झाकणे नव्हे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ठरलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानली आहे. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. निवास, वाहनतळ, हरवले-सापडले यांसाठी भाविकांची नोंद होईल. वाहनतळाच्या पडद्याला गाडीचा नंबर पुरे. आजारपणाचा तपशील तिथे कशाला?

म्हणून कोड तपासताना प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा: हा कोणाला, कशासाठी हवा? उत्तर नसेल तर तो काढून टाका. लोकांनी विश्वासाने दिलेल्या माहितीचा मान राखण्याची सुरुवात कोडच्या त्या एका ओळीपासून होते.