विटेवरच्या देवाचे हात

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. घरात चकलीचा घाणा चाललेला, मुले किल्ल्यावर हळीव पेरण्यात गुंतलेली. अशा वेळी कोणी मास्तर वाद घालीत दारात उभा राहिला तर त्याच्या हातावर लाडू ठेवून त्याला वाटेला लावणे हेच बरे. पण माझे भांडण ज्या वाक्याशी आहे ते याच दिवसांत सर्वांत जास्त ऐकू येते. "देवावर भरवसा ठेवा, धीर धरा, त्याच्या मनात आले की सगळे मिळेल."

मी नास्तिक नाही. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर मला भोळसट समजतात, आणि त्यांच्याशी माझा वाद हा आजचा विषय नव्हे. देव वाट पाहणाऱ्याच्या सोबतीला असतो, हे मी मानतो. मात्र 'सोबतीला असतो' आणि 'मागितलेले आणून देतो' या दोन गोष्टी एक नव्हेत. आपण त्या एक केल्या, आणि देवाचा पुढच्या तारखेच्या हुंड्या लिहून देणारा सावकार करून टाकला.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर चित्रकलेच्या पदविकेपलीकडे शिकलो नाही, तेव्हा शास्त्रार्थ माझ्याकडून कोणी मागू नये. पण हात कसे काढावेत हे मी मुलांना वीस वर्षे शिकवीत आलो आहे. गणपती काढायचा तर एक हात आशीर्वादाला उचललेला. लक्ष्मी काढायची तर एका हातातून नाणी पडताहेत. बालाजीचा तळहात आपल्या चरणांकडे वळलेला. देवांचे हात बहुधा काही ना काही कबूल करीत असतात. विठोबा काढायला सांगितला की मुले खूष होतात, कारण तो सोपा. दोन्ही हात कमरेवर. मूर्तीच्या हातांत शंख आणि कमळ आहेत, पण 'भिऊ नकोस' म्हणणारा हात नाही आणि 'घे' म्हणणाराही नाही. असे कोण उभे राहते? जो बराच वेळ उभा आहे आणि अजून ज्याला उभे राहावयाचे आहे, तो. एस्टीच्या थांब्यावर पाहा.

कथाही तीच सांगते. देव भेटीला आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट भिरकावली आणि देवाला 'थांब' म्हटले. देव थांबला. माणसाने ताटकळत ठेवलेला असा देव आपल्याला लाभला, आणि तरी आपण वाट पाहणाऱ्याला सांगतो की देव वर कचेरीत बसला आहे, तुझा अर्ज त्याच्या टेबलावर आहे!

पंढरपूर आमच्या गावापासून एका दिवसाच्या चालीवर आहे, म्हणून तिथल्या चालीरीती आम्ही लहानपणापासून पाहिल्या. आषाढी आणि कार्तिकीच्या आधी देवाचा पलंग काढतात. झोप बंद, दर्शन अहोरात्र. उभा राहून देव दमेल म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. पंचांगाच्या हिशेबाने आषाढी एकादशीला देव झोपतो तो कार्तिकीला उठतो, म्हणजे आपली सगळी दिवाळी देव झोपेत असतानाच उरकते; आणि ज्या दिवशी तो झोपायचा, नेमका त्याच दिवशी पंढरीत त्याचा पलंग बाहेर! या विसंगतीवर विज्ञानाचे सर हसतात. मला त्यात या मुलखाचे सगळे शहाणपण दिसते. माणसे उभी आहेत तोवर देवाने आडवे व्हायचे नाही. द्यायचे काय ते पुढचे पुढे.

माझा थोरला भाऊ १९९६ साली दिवाळीच्या तोंडावर घरातून निघून गेला. भांडण क्षुल्लक होते, आणि ते माझ्यावरून झाले होते. तो परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. पहिल्या वर्षी आमच्या घरी धीर देणाऱ्यांची रीघ लागली. एकाने कुंडली मांडून संक्रांत सांगितली, दुसऱ्याने अंगात आणून शिमगा. नवस बोलून झाले. प्रत्येक तारीख आली आणि गेली, आणि दर तारखेला आई पुन्हा पहिल्या दिवसावर फेकली जाई. या माणसांनी तिला फसविले असे मी म्हणणार नाही; त्यांना तिचे दुःख बघवत नव्हते, एवढेच. पण स्वतःला बघवत नाही म्हणून दुसऱ्याला तारीख देणे, याला मी धीर म्हणत नाही. शेजारच्या एक काकू मात्र काही बोलत नसत. दुपारी येत, आईबरोबर ज्वारी निवडीत बसत आणि दिवेलागणीला उठून जात. देवाची सोबत कशी असते असे मला कोणी विचारले तर मला त्या काकू आठवतात.

(मी कादंबऱ्याही लिहितो. कादंबरीत मी भावाला दोनदा घरी आणले आहे. आईला वाचता येत नाही, हे बरे.)

नंतर आई वारीला जाऊ लागली. मी एकदा विचारले, "दादासाठी मागतेस का?" ती म्हणाली, "मागायला न्हाई जात. त्यो बी हुबाच हाय की. म्या बी हुबी. दोघं मिळून थोडा येळ वाट बघतो."

२०२० साली कोरोनामुळे मार्चपासून देऊळ बंद झाले. पालख्या चालल्या नाहीत. पादुका एस्टीने पंढरपूरला गेल्या. दिंडी नाही, गजर नाही. आई दिवसभर ओट्यावर बसून होती. तिला स्वतःची वारी चुकल्याचे दुःख होतेच, पण पुन्हापुन्हा ती म्हणे ते निराळेच: "आता त्याच्याजवळ कोन?" त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली देवळे उघडली. ती बातमी तिने फराळ बाजूला ठेवून ऐकली.

आता माझी दुसरी वाट. मी २००४ साली एका विनाअनुदानित शाळेत लागलो. गुरुजी म्हणायचे, सही करायची, पगार नाही. शासनाने २००९ साली 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' शब्द काढला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. वीस टक्क्यांचा पहिला टप्पा २०१६ साली आला. आमच्या शाळेला तोही उशिरा मिळाला, कारण संस्थेने कागद वेळेवर पाठविले नव्हते. या सर्व वर्षांत मी पाट्या रंगविल्या, लग्नाच्या भिंतींवर गणपती काढले. आणि दर दिवाळीला संस्थेचे अध्यक्ष आम्हां शिक्षकांना मिठाईचा पुडा देऊन सांगत, "देवावर भरवसा ठेवा, धीर धरा."

शब्द तेच. दादासाठी जे आईला सांगितले गेले, तेच मला. पण दादा कोणी कपाटात कुलूप लावून ठेवलेला नव्हता. माझे कागद होते. ज्याच्या खिशात किल्ली आहे त्याने दाराबाहेरच्या माणसाला देवाच्या नावाने धीर देणे, यासारखा देवाचा अपमान नाही. चोराने 'देव बघतो आहे' म्हणावे, तसे ते आहे.

हे आजचे नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता ते कोसळून त्याखाली चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे; दाराबाहेर. त्यांचे वंशज सहाशे वर्षे त्या दाराबाहेर राहिले. 'देव तुमच्या अंतरातच आहे, आत यायचे काय अडले?' हे दाराच्या आत उभे राहून म्हणणे किती सोपे! साने गुरुजी आपल्या सर्वांत हळवे, देवभोळे म्हणावेत असे. पण १९४७ च्या मे महिन्यात ते पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले ते दार उघडावे म्हणून. बाहेरच्यांना धीर धरा सांगण्यासाठी नव्हे. दहा दिवसांत दार उघडले. सहाशे वर्षांची वाट दहा दिवसांत संपते, याचा अर्थ ती देवाने लावलेली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, सगळीच दुःखे अशी सरळ वाटता येतात काय? येत नाहीत. पावसाची वाट, दुखणेकऱ्याची वाट, अर्धी माणसाची असते आणि अर्धी कोणाचीच नसते. मला फक्त धीर देणाऱ्याच्या खिशाची झडती घ्यावयाची आहे. किल्ली निघाली तर त्याने बोलू नये, दार उघडावे. नाही निघाली तर त्याने तारीख न देता शेजारी बसावे, ज्वारी निवडावी.

यंदा आईचे गुडघे फार दुखतात. चालत जाणे आता नाही. कार्तिकीला आम्ही एस्टीने जाणार. पाडव्यापासून पुरते दहा दिवसही नाहीत. नरकचतुर्दशीला तिने नेहमीप्रमाणे जास्तीचा पाट मांडायला सांगितला आहे, आणि उटणेही थोडे जास्त. परवा अध्यक्षांनी तिच्या गुडघ्यांविषयी ऐकले. माणूस दुष्ट नाही. म्हणाले, "ओळखीची चिठ्ठी देतो, थेट गाभाऱ्यात जाल. बारीत चौदा-चौदा तास कशाला उभे राहता?"

मी घरी येऊन आईला सांगितले. तिने विचारले, "आन् पगाराची चिठ्ठी?"

मी म्हटले, "ती अजून पुरती नाही."

"मग बारीतनंच जाऊ," ती म्हणाली. "बसायला एक घोंगडं घे."