आंबील, नबीज आणि घड्याळ



मागच्या महिन्यात इंदापूर तालुक्यातील आमच्या शाळेत पालकसभा झाली. सभा उरकली, पालक पांगले. पण पाचवीतल्या एका मुलीची आई दाराशी रेंगाळली. पिशवीतून तिने एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत पिवळसर, ढगाळ पाणी. झाकण फिरवताच फस्सकन फेस वर आला.

"आपा, मोबाईलवर बघून केलंय. गव्हाला मोड आणायचे, ते दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी प्यायचं. ताकद येते म्हणे. पण सासूबाई म्हणाल्या, ये तो दारू हुई, घर में नक्को. पहिली बाटली त्यांनी मोरीत ओतली. दोन दिवस आमचं बोलणं नाही. तुम्हीच सांगा, मी हराम केलं का?"

तिला पाचवा महिना आहे. रक्त कमी म्हणून दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्या घेतल्या की मळमळते, म्हणून तिने त्या बाजूला ठेवल्या आणि हे पाणी धरले. म्हणजे प्रश्न एक नव्हता, दोन होते. आम्ही तिला त्या दिवशी एवढेच सांगितले की, हे पाणी आजपासून बंद, गोळ्या चालू, आणि मळमळीचे डॉक्टरांना सांगायचे. बाकीचे समजावून सांगू. तेच आज सर्वांसाठी लिहीत आहोत, कारण अशा बाटल्या आता बारामतीतही बऱ्याच ओट्यांवर दिसतात.

या पाण्याला रिजुवेलॅक म्हणतात. अमेरिकेत ॲन विगमोर या बाईंनी ते प्रचारात आणले. धान्याला मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. या साखरेवर दोन प्रकारचे सूक्ष्म जीव जगतात. एक, दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद. ते साखरेचे आम्ल करतात, म्हणून आंबटपणा येतो. दुसरे यीस्ट, ते साखरेचे अल्कोहोल आणि वायू करते. हवेतून, दाण्यावरून दोन्ही येतात. बाटली घट्ट बंद, ऊन चैत्राचे आणि दिवस तीन, असे झाले की यीस्टला मोकळे रान मिळते. नुसता फेस म्हणजे दारू झालीच असे नाही, काही आंबवणारे जिवाणूही वायू सोडतात. पण किती झाली हे घरी मोजता येत नाही. म्हणून सासूबाईंची शंका अडाणीपणाची नव्हती.

मग आंबवलेले सगळेच वर्ज्य का? तसेही नाही. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले नबीज प्रेषित मुहम्मद (स.) घेत असत. सहीह मुस्लिममध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून येते की, सकाळी भिजवलेले ते रात्री घेत आणि रात्री भिजवलेले सकाळी. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनात तिसऱ्या दिवसापर्यंतची मर्यादा आहे, त्यानंतर उरलेले स्वतः घेत नसत. हजरत अबू मूसा (रजि.) यांना यमनला पाठवले तेव्हा त्यांनी तिथल्या मधाच्या आणि जवाच्या पेयांबद्दल विचारले. उत्तर एकच मिळाले: नशा आणणारी प्रत्येक गोष्ट हराम. धान्य कोणते, नाव काय, हा प्रश्नच उरला नाही. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नव्हे. एखाद्या पेयाचा मसला असेल तर आलिमांनाच विचारावे. पण घड्याळ पाहण्याची शिकवण यात स्पष्ट दिसते.

दुसरा प्रश्न तब्येतीचा. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच पोट बिघडवणाऱ्या जंतूंनाही मानवते. म्हणून मोडाचे कच्चे पाणी गरोदर बाई, तान्हे मूल, म्हातारी माणसे आणि आजारी यांना देऊ नये. आणि लोहाच्या गोळीची जागा असले कोणतेही पेय घेऊ शकत नाही.

आपल्याकडे यावरचा उपाय जुनाच आहे. आंबील! आंबवायचे आणि मग शिजवायचे. कृती अशी:

पाव किलो नाचणी चार-पाच पाण्यांतून धुवा, 8 ते 10 तास भिजवा, निथळून स्वच्छ ओल्या फडक्यात बांधा. दिवसा-दीड दिवसात बारीक मोड दिसतील. पातळ कापडाखाली पूर्ण वाळवा, मंद भाजा, दळून घ्या. रात्री चार चमचे पीठ, एक पेला पाणी आणि अर्धी वाटी ताक कालवून स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा. वर झाकण नको, कापड बांधा. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे आंबटाला चालत नाही. सकाळी तीन पेले पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओता आणि ढवळत 10 मिनिटे शिजवा. शिजवताना जिवाणू मरतात, चांगलेही आणि वाईटही. म्हणून पूर्ण निवल्यावर दोन पेले ताजे ताक घाला. दह्याचे जिवंत जिवाणू त्यातून मिळतात. मीठ, भाजलेले जिरे, ठेचलेला लसूण, कोथिंबीर. झाले.

सकाळची आंबील मगरिबपर्यंत संपवा. उरली तर फ्रिजमध्ये, तीही दुसऱ्या दिवसापुरतीच. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून अधिक. मात्र साखरेचा आजार असणाऱ्यांनी ती पाणी समजून पिऊ नये. तिचा हिशेब भाकरीत धरावा.

दोन गोष्टी शेतकरी घरांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पेरणीच्या पिशवीतले बियाणे कधीही वापरू नका. त्याला औषध चोळलेले असते आणि ते धुऊन जात नाही. दुसरे, ज्वारीला मोड आणू नका. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे आपल्याला माहीत आहे. तेच विष मोडातही तयार होते. ज्वारीची आंबील करायची तर बिनमोडाच्या साध्या पिठाची करा, ती छान होते. बाजरीला मोड चालतात, पण तिचे पीठ लवकर कडू होते, म्हणून थोडेच दळा.

हे सगळे आम्ही वहीच्या दोन पानांवर लिहून त्या मुलीच्या दप्तरात दिले. वर लिहिले, "दोघींनी मिळून वाचावे." सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणजे सूनबाईंना ते मोठ्याने वाचूनच दाखवावे लागणार होते.

आठवड्याने मुलीला विचारले, घरी काय चालले आहे? म्हणाली, "आपा, दादी रोज सकाळी आंबील करते. पहिला पेला अम्मीला, पण आधी गोळी खाल्ली का विचारते. आणि संध्याकाळी अजान झाली की पातेलं उलटं करून दाखवते."

तुमच्या घरी दादी-नानी आंबील कशी करत, जरूर कळवा. आणि त्या ती किती वाजेपर्यंत ठेवत, तेही लिहायला विसरू नका.