लोणारच्या प्रेमात पडणं आणि सुलतानपुरात राहणं

लोणारचं सरोवर पाहायला येणारा पाहुणा सुलतानपुरात थांबतो तो चहापुरता. मेहकरकडून आलं की आधी सुलतानपूर लागतं, मग दहा-बारा किलोमीटरवर लोणार. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि बाहेरच्या पासिंगच्या गाड्या आमच्या डोळ्यांदेखत वाढल्या. गाडीतून उतरलेली माणसं हातपाय मोकळे करतात, चहा घेतात, रस्त्याच्या कडेच्या हिरव्यागार सोयाबीनचा फोटो काढतात आणि एकमेकांना म्हणतात, "काय शांत आहे इथं! असं कुठंतरी कायमचं राहायला पाहिजे."

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर बोलायचं ठरवलं होतं. निमित्त आमच्याच एका मित्राचं झालं.

मित्र पुण्याचा. संगणकाच्या क्षेत्रात चांगली नोकरी. त्याचे आजोबा मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातून मुंबईला गिरणीत गेले ते परतले नाहीत. बाप मुंबईत वाढला, हा पुण्यात. ऑगस्ट महिन्यात दोन दिवस आला. पहाटे सरोवराच्या काठावर उभा राहिला. खाली जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, भोवती झाडी, मोरांचे आवाज. अशनी आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं असं सरोवर जगात दुर्मीळ आहे. त्याचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत, अलीकडच्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात गेलं. मित्र अर्धा तास काही बोललाच नाही. मग म्हणाला, "यार, काम घरूनच असतं माझं. दोन एकर घेतो इथं. छोटं घर बांधतो. येऊन राहतो."

आम्ही त्याच्यावर हसलो नाही. हसणाऱ्यांनी आधी 1934 सालची एक गोष्ट आठवावी. त्या वर्षी बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले होते. आंदोलन नव्हतं, परिषद नव्हती. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला पाहायचा, एवढाच बेत. किल्ल्याच्या दारापाशी पाण्यानं भरलेला हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून जमाव धावून आला, की हौद बाटवला. शेवटी किल्ल्यात जाऊ दिलं ते कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. म्हणजे निव्वळ प्रेक्षक होण्याचा हक्कसुद्धा आपल्याला फुकट मिळालेला नाही. ज्याच्या आजोबानं हे गाव पोटासाठी आणि मानासाठी सोडलं, त्याच्या नातवानं त्याच मुलखातल्या पहाटेला सुंदर म्हणावं, ही आम्हाला चळवळीची कमाई वाटते. त्यावर आमचा आक्षेप नाही.

आक्षेप पुढच्या वाक्यावर आहे. 'येऊन राहतो' हे वाक्य 'आवडलं' या वाक्याचंच लांबलेलं रूप आहे असं सगळे धरून चालतात. तसं नाही. पाहुण्याला गावाच्या उतरंडीत जागा नसते, म्हणून त्याला गाव मोकळं वाटतं. मुक्कामाच्या ठिकाणी आधार कार्ड दाखवलं, पैसे भरले, खोली मिळाली. आडनावाचा अर्थ तिथं कुणी लावत बसत नाही. राहायला आलात की गाव तुम्हाला जागा नेमून देतं. ती जागा कोणती, हे तुमच्या पसंतीवर ठरत नाही.

मित्राला हे आठवडाभरात कळलं. एका मध्यस्थानं जमीन दाखवली. विहीर होती, रस्त्याला लागून होती. भाव जवळजवळ जमला. मालक चांगला बोलका माणूस, चहा पाजला, मुलाच्या नोकरीचं विचारलं. मग निघता निघता सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, तुम्ही कोन्या समाजाचे?" मित्रानं सांगितलं. मालकाच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही. त्यानं नाही म्हटलं नाही, अपमान केला नाही, दारापर्यंत सोडायलाही आला. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागेनासा झाला. मध्यस्थ म्हणाला, भावाभावांत वाद निघाला. निघालाही असेल. आम्ही कुणाच्या मनात शिरून पाहिलेलं नाही. पण असे वाद नेमके हा प्रश्न विचारून झाल्यावरच कसे निघतात, हे समाजशास्त्र न शिकताही आमच्या वस्तीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला सांगता येईल.

समाजशास्त्राचाच विषय निघाला म्हणून सांगतो. एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले आणि पुढे 1976 मध्ये त्यावर त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. एम.ए.ला आम्हाला ते होतं. फार प्रेमानं लिहिलेलं पुस्तक आहे. पण ते राहिले गावच्या पुढाऱ्याच्या आश्रयानं, आणि आपल्याला गाव दिसलं ते वरच्या जातींच्या ओट्यावरून, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. अभ्यासकाची ही गत, तर दोन दिवसांच्या पाहुण्याचं काय बोलावं.

आता सुलतानपुरासारख्या गावात बाहेरून कायमचं राहायला खरोखर येतं कोण? सुना. दरवर्षी लग्नसराईत जालना, वाशीम, परभणीकडून मुली इथं येतात आणि जन्मभर राहतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं की बाई, हे गाव तुला आवडलं का. सरोवर पाहून त्यांचं लग्न ठरत नाही. एका जागेबद्दल पक्कं मत हवं असेल तर यांना विचारावं. बचत गटाच्या बैठकीत आम्ही एकदा सहज विचारलं होतं, की गावातलं तुम्हाला पहिल्या दिवसापासून काय आठवतं? एकीनं सांगितलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते. दुसरीनं सांगितलं, रात्री पोटात कळा आल्या तर गाडी कुणाची मिळेल हे सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. तिसरी बौद्धवाड्यातली. ती म्हणाली, कोणत्या दारात पाणी मागायचं नाही ते. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांच्यापैकी सरोवर किती जणींनी पाहिलं, हेही आम्ही विचारलं. निम्म्याहून जास्त जणींनी पाहिलं होतं, पण कमळजादेवीच्या दर्शनाला म्हणून, आणि परत येऊन स्वयंपाक करायचा होता म्हणून घाईत.

दुसरी बाजूही पाहा. ज्यांनी इथं राहावं म्हणून सरकार पैसे देतं, ते राहत नाहीत. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना मुख्यालयी राहण्याची अट आहे, त्यासाठी घरभाडे भत्ता आहे, ग्रामविकास विभागानं तर कर्मचारी गावातच राहतो अशा ग्रामसभेच्या ठरावाची अटही घातली. खेडोपाडी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठराव होतात, आणि संध्याकाळच्या गाडीनं माणसं तालुक्याला, जिल्ह्याला आपापल्या घरी जातात. आम्ही त्यांना शिव्या घालणार नाही. त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी, आजारी आईला डॉक्टर हवा. शिवाय त्यांच्यात आपलेही आहेत, आणि आपल्या शिक्षकाला गावठाणात भाड्यानं खोली मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते आम्ही जवळून पाहिलं आहे. पण एवढं तरी मान्य करा, की ज्याला निवड करता येते तो निवड करून इथून निघतो. उरतो तो बहुधा निवड नसलेला. आणि त्याच्या उरण्याला मग आपण 'मातीशी नातं' असं गोंडस नाव देतो.

4 नोव्हेंबर 1948 ला संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं त्यावर तेव्हा बरेच सभासद दुखावले होते. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख होता, आणि राज्यघटनेनं गाव सोडून व्यक्तीला घटक मानलं याचा त्यांना आनंद होता. दुखावलेल्यांपैकी अनेकांना खेड्याबद्दल खरंच माया असेल, यात आम्हाला शंका नाही. फरक इतकाच की त्यांच्या मायेला गावात घर होतं, आणि बाबासाहेबांच्या लोकांना गावाच्या कडेला जागा होती.

2020 चा जून महिना आठवतो. सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. फोटो जगभर फिरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं लक्ष घातलं, नमुने गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की खारटपणा वाढल्यानं वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण त्याच उन्हाळ्यात मुंबई-पुण्याकडून, सुरतेकडून आपली माणसं पायी, ट्रकमधून, मिळेल तसं गावाकडे परतत होती. किती गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या! जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढलेल्या एका पोरानं तेव्हा मोबाईलवर गुलाबी पाण्याचा फोटो पाहून आम्हाला विचारलं होतं, "हे लोणार आपलंच का?" प्रश्न त्यानं साधाच विचारला होता. आम्हाला मात्र तो अजून सुटलेला नाही.

कारण हे पाणी एकेकाळी पोटाशी जोडलेलं होतं. आईन-ई-अकबरीत लोणारची नोंद आहे ती काच आणि साबण करायला लागणाऱ्या खारासाठी. या काठावरून खार काढणारे हात होते, त्यांची घरं होती. विवराच्या आत शेतीही होत असे. आता 2000 सालापासून तिथं अभयारण्य आहे, शेती थांबली. खतं-औषधं सरोवरात जाऊ नयेत हे बरोबरच. आम्ही पर्यावरणाच्या विरोधात नाही. पण पाहणाऱ्याच्या प्रेमासाठी नियम होतात, न्यायालय बसतं, निधी येतो. राहणाऱ्याच्या गरजेला अर्ज लिहावा लागतो. (जाता जाता, लोणारच्या कथेत तरी वेगळं काय आहे? लवणासुर तिथला रहिवासी, जमिनीखाली राहणारा. विष्णू बाहेरून आला आणि त्याला मारून गेला. देऊळ दैत्यसूदनाचं आहे. महात्मा फुल्यांनी बळीची कथा उलटी वाचायला शिकवलं, तशी हीही कुणीतरी वाचावी.)

आणि शेवटी जमिनीचा मुद्दा, कारण कायमचं राहणं म्हणजे जमीन. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच प्रश्नावर. त्या लढ्यांतून आपल्या लोकांनी गायरानं कसली, दगड वेचले, बांध घातले. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 ला निघाला. तरी आजही कितीतरी कुटुंबांच्या हातात सातबारा नाही, दंडाच्या पावत्या आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयानं गायरानांवरच्या अतिक्रमणाची दखल घेतली आणि खेडोपाडी नोटिसा आल्या. ज्या आजीनं चाळीस वर्षं एका तुकड्यात तूर पेरली ती 'अतिक्रमक'. आणि ज्यानं दोन दिवसांत सरोवराच्या प्रेमात पडून प्लॉट घेतला, तो वर्षातून चार दिवस आला तरी 'मालक'. प्रेम किती आहे हे सातबाऱ्यावर लिहीत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण मग चाळीस वर्षांचा घाम तरी लिहा.

आमचा मित्र अजून जमीन शोधतो आहे. त्याला आम्ही नाउमेद केलेलं नाही. फक्त म्हटलं, आधी भाड्यानं ये. रिसॉर्टवर नको, वस्तीत. ऑगस्टमध्ये नको, मे महिन्यात. टँकरची वाट पाहा, ग्रामसभेला बस, गायरानाच्या नोटिसा आलेल्यांचे अर्ज लिहायला माणूस कमी पडतो, ते लिही. मग तुझ्या आजोबांनी गाव का सोडलं आणि तुला इथं का यायचं आहे, या दोन्हीवर बोलू.

तो म्हणाला, मे महिन्यात रजा मिळते का बघतो. वस्तीतली एक खोली आम्ही विचारून ठेवली आहे. भाडं आठशे रुपये, संडास बाहेर.