उतार पडणे

दुखण्याला ‘उतार पडतो’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत स्कीइंगचे मैदानही उतारच. हिंजवडीतून औली-गुलमर्गला जाणाऱ्या संगणक-अभियंत्यांनी या श्लेषाने फसू नये, असे आम्हांस वाटते. गुडघ्याच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुधा मांडीमागची कंडरा बसवतात. ती रुजताना आरंभीचे काही महिने उलट दुबळी होते. ठणका मात्र आधीच थांबलेला असतो! त्यात स्कीचा ताठ बूट घोटा राखतो नि पीळ गुडघ्याकडे ढकलतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळातले पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. उतार पडला म्हणजे पथ्य सुटले, असे वैद्यही म्हणत नसत. एप्रिलात शस्त्रक्रिया झालेल्याने निदान जानेवारीपर्यंत तरी बर्फाची तिकिटे काढू नयेत. मांडीचे बळ तोवर परतले नसेल, तर तेव्हाही नाही.